आधी बोर्डिंग, मग कॉलेज

सकाळी सात-साडेसातला उंब्रजच्या एसटी स्टँडवर सातारा जिल्ह्यातलं कॉलेजजीवन जागं होतं. तारळे, चाफळ, मसूर अशा वेगवेगळ्या अंगांनी आलेल्या गाड्या पोरं उतरवून जातात आणि इथं त्यांची वाटणी होते. काही कराडची गाडी धरतात, काही साताऱ्याची. खिशात महिन्याचा पास असतो. तो तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत मिळतो आणि ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली फुकट. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून सॅक आत पडते, रुमाल पडतो आणि जागा धरली जाते. दुपारनंतर हाच खेळ उलट दिशेनं. जाण्यायेण्यात दिवसाचे दोन-तीन तास जातात. कॉलेजात असतात तेवढ्या वेळात तास होतात, प्रॅक्टिकल होतात, कँटीनचा एखादा चहा होतो. नाटकाच्या तालमीला थांबावं तर शेवटची गाडी चुकते.

उंब्रजला खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ दिल्लीहून निघतो आणि चेन्नईला संपतो. याच रस्त्यावरच्या मोठ्या शहरांत देशातली नावाजलेली कॅथलिक कॉलेजं आहेत. मुंबईत १८६९ चं सेंट झेविअर्स. बंगळुरात १८८२ चं सेंट जोसेफ, जे २०२२ मध्ये विद्यापीठ झालं, आणि १९६९ चं क्राइस्ट. शेवटच्या टोकाला चेन्नईत १९२५ चं लोयोला. या संस्थांची नावं निघाली की आपल्याकडे लोकांना इंग्रजी, शिस्त आणि प्रवेशाची कटऑफ एवढंच आठवतं. त्यांच्यामागे विद्यार्थ्यानं कसं राहावं याचा एक जुना विचार आहे. त्या विचाराशी सातारा जिल्ह्याचं नातं वरवर दिसतं त्यापेक्षा बरंच जवळचं आहे.

तो विचार सगळ्यांत ठळकपणे मांडला जॉन हेन्री न्यूमन यांनी. अँग्लिकन पंथ सोडून कॅथलिक झालेला हा ऑक्सफर्डचा विद्वान. आयर्लंडमध्ये कॅथलिक विद्यापीठ काढायचं ठरलं तेव्हा त्यांना बोलावणं गेलं. १८५२ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये व्याख्यानं दिली, १८५४ मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि न्यूमन त्याचे पहिले रेक्टर झाले. त्या व्याख्यानांत त्यांनी एक धाडसी विधान केलं. एक विद्यापीठ नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या देतं, पोरं राहतात कुठं, खातात काय, बोलतात कुणाशी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं विद्यापीठ काहीच शिकवत नाही, फक्त तरुण मुलांना तीन-चार वर्षं एकत्र ठेवतं आणि सोडून देतं. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर आपण दुसरं निवडू, असं न्यूमन म्हणाले. चार मुलं एकत्र राहिली की ती एकमेकांना शिकवतात, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. त्यांनी तो स्वतः पाळलाही. डब्लिनमध्ये विद्यार्थ्यांचं एक घर चालवून ते त्यांच्यातच राहिले.

न्यूमनना नको होतं ते पहिलं विद्यापीठ नेमकं आपल्या वाट्याला आलं. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते शिकवणार नाही, राहायला जागा देणार नाही, कॉलेजांना संलग्न करून परीक्षा घेईल. त्यानंतर बारा वर्षांनी झेविअर्स निघालं तेही याच विद्यापीठाला जोडून. पण ते काढणारे जर्मन जेझुइट फादर वेगळ्या घडणीचे होते. शिकवून झालं की घरी जाणं त्यांना माहीतच नव्हतं, कारण त्यांचं घर कॉलेजच्या आवारातच होतं. संध्याकाळी सहा वाजता विद्यार्थ्याला काही विचारायचं असेल तर फादर सापडत. स्पेनहून आलेल्या फादर हेरास यांनी १९२६ मध्ये इथंच इतिहास संशोधनाची संस्था उभी केली, फादर सांतापाव यांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढलं. ही माणसं मुलांच्या रोजच्या दृष्टिपथात होती.

त्या आवाराची सवय विद्यार्थ्यांनाही लागली. फारूख शेख आणि शबाना आझमी झेविअर्सच्याच रंगमंचावर घडले, सुनील गावसकर त्याच कॉलेजकडून खेळले. १९७९ मध्ये सुरू झालेला ‘मल्हार’ हा महोत्सव अजूनही मुंबईच्या कॉलेजविश्वातला मोठा सोहळा मानला जातो. इंडियन म्युझिक ग्रुपचा ‘जानफेस्ट’ चौकातल्या मोकळ्या हवेत शास्त्रीय संगीत ऐकवतो आणि मराठी वाङ्मय मंडळ ‘आमोद’ भरवतं. अंध विद्यार्थ्यांसाठी २००३ मध्ये केंद्र सुरू झालं. सामाजिक कामाचे ठरावीक तास भरल्याशिवाय पदवीचा हिशेब पूर्ण होत नाही. धर्मगुरूंनी चालवलेल्या या कॉलेजात बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नाहीत आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

पुण्याजवळ आल्यावर मात्र चित्र पालटतं. नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ हे खरंखुरं कॅथलिक विद्यापीठ. श्रीलंकेतल्या कँडीत १८९३ मध्ये सुरू झालेली ही परंपरा १९५५ मध्ये पुण्यात आली. तिथं मुख्यतः पाद्री होऊ घातलेले तरुण तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकतात, म्हणजे राहणं आणि शिकणं एकच. दुसऱ्या बाजूला मुळशीच्या डोंगरात, लवासात, क्राइस्टचा कॅम्पस. क्राइस्ट चालवणारा सीएमआय हा केरळात १८३१ मध्ये जन्मलेला देशी धर्मसंघ. २००८ मध्ये त्यांच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथं पंच्याऐंशी टक्के हजेरी लागते आणि तीत सहसा सूट नाही. फीचा आकडा ऐकून उंब्रजच्या ऊसवाल्या बापालाही आधी कारखान्याच्या पुढच्या बिलाची तारीख आठवावी लागेल. सातारा जिल्ह्यात कॅथलिक शिक्षण पोहोचलं ते पाचगणीत. १८९५ चं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट तिथलं. पण ते डोंगरावर राहिलं, खालच्या खोऱ्यात फारसं उतरलं नाही.

खोऱ्यात जे उतरलं त्याचा उगम कोल्हापुरात आहे. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, शिंपी, सोनार अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. गावाकडच्या पोराला शहरात शिकायचं तर आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी लागते, हे महाराजांनी ओळखलं. जातवार वसतिगृहं ही त्या काळाची अडचण होती. ज्याला त्याला आपापल्या लोकांकडूनच पैसा मिळत होता.

त्या जैन बोर्डिंगमध्ये एक दांडगा मुलगा होता. मिस क्लार्क बोर्डिंग या अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तो गेला आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यानं नकार दिला. बोर्डिंगमधून त्याला बाहेर काढलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. पुढं ओगले, किर्लोस्कर यांच्याकडे नोकऱ्या करत ते गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यात त्यांना दिसलं की शाळा आहे तिथंही पोरं नाहीत, कारण तिथपर्यंत पोचायची सोय नाही. ४ ऑक्टोबर १९१९ ला, दसऱ्याला, कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. कालेपासून उंब्रज फारसं लांब नाही, हे या भागातले लोक अभिमानानं सांगतात आणि सांगावंच.

१९२४ मध्ये भाऊराव साताऱ्याला आले आणि त्यांनी बोर्डिंग काढलं. कॉलेज काढलं नाही, हायस्कूलही नाही, आधी बोर्डिंग. कोल्हापुरात जे जातीजातींत विभागलं होतं ते त्यांनी एका पंगतीला आणलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान पोरं एकत्र जेवणार, आळीपाळीनं स्वयंपाकाला लागणार, भांडी घासणार. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी इथं आले आणि ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव त्यांच्या हस्ते दिलं गेलं. पैशांची ओढाताण कायमची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या. जातीबाहेरच्या पोरांना जेवू घालणं त्यांना सुरुवातीला जड गेलं असेल. पण एक दिवस कोठारात धान्य उरलं नाही, भाऊराव गावाला गेलेले. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र मोडायला काढून दिलं. बाकीचे दागिने त्याआधीच गेले होते. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतेच्या कोणत्याही कार्यक्रमात ही गोष्ट सांगितली जाते आणि हजार वेळा ऐकलेली असूनही सभागृह गप्प होतं. तरी एक टोचतं: या कथेला टाळी मिळते, पण वसतिगृहाला जागा द्यायची वेळ येते तेव्हा तीच मंडळी सरकारकडे बोट दाखवतात.

न्यूमनच्या तराजूत हे तोललं तर त्यांना भाऊराव आपले वाटले असते. रयतेच्या कामाचा क्रम बघा. १९२४ ला बोर्डिंग. १९३२ ला पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग. १९३५ ला शिक्षक घडवायचं ट्रेनिंग कॉलेज. १९४० ला महाराजा सयाजीराव हायस्कूल, ज्यात राहणं, कमावणं आणि शिकणं हे तिन्ही एकत्र. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज त्यानंतर, १९४७ मध्ये. कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ मध्ये. एक फरक मात्र मोठा होता. ऑक्सफर्डच्या मुलाचं अन्न नोकर शिजवत, साताऱ्याच्या मुलानं ते स्वतः कमवायचं. ‘कमवा आणि शिका’त पोरं पहाटे शेतात जात, खडी फोडत, विहिरी खणत, मग अंघोळ करून वर्गात बसत. फुकटचं खाण्यापेक्षा राबून खावं हा त्यामागचा स्वाभिमान होता आणि तो ‘स्वावलंबी शिक्षण’ या ब्रीदातून संस्थेच्या बोधचिन्हापर्यंत गेला.

त्या पंगतीतून काय निघालं? शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ढवळीचे एन. डी. पाटील १९५० च्या दशकात शिवाजी कॉलेजात शिकवायचे आणि ‘कमवा आणि शिका’च्या पोरांचं रेक्टरपण सांभाळायचे. लढाऊ नेता म्हणून महाराष्ट्राला ते नंतर कळले. सांगलीच्या बाजूलाही हे लोण गेलं. अंजनीचे आर. आर. पाटील सांगलीच्याच शांतिनिकेतनमध्ये राबूनच शिकले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आजही कर्मवीर भाऊरावांच्या नावानं चालते आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही मुलं-मुली काम करून वसतिगृहात राहतात.

आता परत आजच्या दिवसात, कराडच्या विद्यानगरला. गाडगे महाराज कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स कॉलेज, वेणूताई चव्हाण कॉलेज आणि १९६० चं शासकीय अभियांत्रिकी कॉलेज अशी कॉलेजांची रांगच इथं लागली आहे. मलकापूरला कृष्णा अभिमत विद्यापीठ, तिथं मेडिकलला देशभरातून मुलं येतात. वसतिगृहं आहेत, पण मागणीपुढं अपुरी. उरलेली पोरं ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार लोखंडी कॉट, भिंतीला खिळे, खिळ्यांना शर्ट, खिडकीत दोन मेसचे डबे. सकाळी दोन पोळ्या, भाजी, आमटी, रविवारी अंडाकरी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि त्या दिवशी वडापाववर भागतं. पहाटे मैदानावर पोलिस आणि सैन्य भरतीच्या तयारीची पोरं धावतात. जिल्ह्यात अपशिंगेसारखी मिलिटरीची गावं आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. रात्री अभ्यासिकेत एमपीएससीवाले खाली मान घालून बसतात. एकत्र राहणं आहे, पण ते घरमालकाच्या भरवशावर. तिथं कुणी रेक्टर नाही, कुणी एन. डी. पाटील नाही.

आणि रोज ये-जा करणाऱ्यांचे दिवसाचे दोन-तीन तास गाडीतच जातात ते वेगळंच. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात लोकनृत्य, मूकनाट्य, लोकवाद्यवृंद यांच्या संघांत कोण निवडलं जातं ते पाहा. बहुतेकदा तालमीला रात्री थांबू शकणारी, म्हणजे कॉलेजच्या गावात राहणारी पोरं. मुलींचं तर आणखी अवघड. फी माफ झाली. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क सरकारनं उचललं. पण तारळ्याची मुलगी साताऱ्यात राहणार कुठं, हा प्रश्न फी माफ केल्यानं सुटला नाही. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि स्वाधार योजना आहेत. पैसे वेळेवर खात्यात आले तर उपयोगी पडतात, आणि ‘वेळेवर’ या शब्दावरच सगळी गोची होते.

२०२१ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आकाराला आलं. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज यांचं हे समूह विद्यापीठ. आकारानं मध्यम, शहराला लागून, एका विचाराच्या संस्थेनं चालवलेलं. न्यूमन आणि झेविअर्सच्या वळणाच्या जवळ जाणारं इथलं उदाहरण हेच. अभ्यासक्रम स्वतः ठरवायची मोकळीक मिळाली आहे, नव्या इमारतींचे आराखडेही निघतील. भाऊरावांचा क्रम पाळायचा तर या आराखड्यात पहिली इमारत वसतिगृहाची हवी, आणि तीही आधी मुलींसाठी. मुंबई-पुण्यात नोकऱ्या करणाऱ्या रयतेच्या हजारो माजी विद्यार्थ्यांनी यंदा दिवाळीला गावाकडे येताना एक करावं: आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून एका मुलीच्या वर्षभराच्या कॉटचा आणि मेसचा खर्च विचारावा आणि तो भरून यावा.