जखमेला दिशा कोण दाखवतं?

तारापूरची वीज आपल्याला १९६९ पासून ठाऊक आहे. आज त्याहून फार जुन्या विजेबद्दल बोलू. बोईसरच्या कारखान्यात पत्र्याने बोट कापलं, तर शेजारच्या पेशींना ‘इकडे या’ असं कोण सांगतं?

त्वचा सोडियमचे धनभारित आयन सतत आत ढकलत असते. म्हणून आतली बाजू बाहेरच्या तुलनेत धन राहते. कातडी फाटली की तिथून प्रवाह बाहेर पडतो आणि जखमेचा मध्य ऋण ध्रुवासारखा होतो. हे क्षेत्र मिलिमीटरला साधारण १०० मिलिव्होल्ट. वरच्या थरातल्या पेशी ऋण बाजूकडे, म्हणजे जखमेकडेच सरकतात. काचपात्रात वाढवलेल्या बेडकाच्या चेतापेशींचे तंतूही तिकडेच वळतात.

बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटातला प्रवाह मोजला. हे गृहस्थ ‘प्राणशक्ती’ या कल्पनेचे कट्टर विरोधक. आपण म्हणतो, जखम ‘भरू पाहते’. पण पाणी उताराने जातं, त्यात पाण्याचा हेतू नसतो. इथेही तसंच आहे.

मात्र नुसती वीज पुरत नाही. रक्तपुरवठा हवा, जंतुसंसर्ग नको, साखर आटोक्यात हवी. म्हणून मधुमेही माणसाने पायाची जखम बाजारातल्या विजेच्या पट्ट्यावर सोपवू नये. आधी डॉक्टरांना दाखवावी.