नगरच्या झाडांखालचे रणगाडे

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय, म्हणजेच कॅव्हलरी टँक म्युझियम, लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभारले. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते फेब्रुवारी १९९४ मध्ये ते खुले झाले. परभणीहून पाथरी, माजलगाव, पाथर्डी करत कल्याणकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ नगरातूनच जातो. त्यामुळे परभणी जिल्ह्यातून शिर्डी-शनिशिंगणापूरला निघालेल्या कुटुंबांना आणि शाळांच्या सहलींना थोडी वाट वाकडी केली की हे संग्रहालय बघता येते.

जागा फार मोठी नाही. सुमारे पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या उघड्यावर, झाडांच्या सोबतीने उभ्या आहेत. शेजारी माहितीचा छोटा फलक असतो. वजन, तोफेचा व्यास, बनावटीचा देश एवढेच त्यावर. येणारे बहुतेक लोक तोफेच्या नळीखाली फोटो काढतात, मुलांना कडेवर घेऊन आणखी एक काढतात आणि पुढे सरकतात. त्यात त्यांचा दोष नाही. लोखंड स्वतःहून बोलत नाही, आणि फलक वाचून लढाई डोळ्यांपुढे उभी राहत नाही. थोडी माहिती गाठीशी असली तर मात्र हाच फेरफटका दोन-तीन तासांचा होतो.

सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक म्हणजे रोल्स-रॉइसची चिलखती मोटार. राजेरजवाड्यांच्या दिमाखासाठी प्रसिद्ध असलेल्या सिल्व्हर घोस्ट गाडीच्या सांगाड्यावर पहिल्या महायुद्धात पोलादी पत्रे चढवले गेले आणि वर मशीनगनचा फिरता बुरूज बसला. सप्टेंबर १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, तोवर चिलखती युद्ध म्हणजे अशाच मोटारी होत्या.

दुसऱ्या महायुद्धातील दोन रणगाडे पाहणाऱ्याने जरूर ताडून बघावेत. ब्रिटिश माटिल्डाच्या पुढच्या बाजूचे चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड आहे. १९४० साली उत्तर आफ्रिकेत इटालियन तोफांचे गोळे त्यावरून निसटत. जपानी हा-गोचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढे जाड. त्याच्या अंगावरचे रिव्हेट जवळून पाहावेत: बाहेर मारा बसला की अशा जोडणीतले रिव्हेट आत उडून माणसांना लागण्याचा धोका असे. बुरुजात जागा एकाच माणसाची. त्यानेच बाहेर नजर ठेवायची, चालकाला हुकूम द्यायचे, गोळा भरायचा, नेम धरायचा आणि तोफ डागायची. उन्हाने आतली माणसे भाजू नयेत म्हणून भिंतींना ॲस्बेस्टॉसचे अस्तर होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय सैन्याची गाठ याच रणगाड्यांशी पडली.

पुढे स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांचा भाग येतो आणि गर्दी इथेच जास्त रेंगाळते. अमेरिकी बनावटीचा पॅटन हा १९६५ मध्ये पाकिस्तानचा भरवशाचा रणगाडा. पंजाबात असल उत्तर गावाजवळ भारतीय सैन्याने शेतात पाणी सोडून उसाच्या आडोशाला दबा धरला आणि चिखलात रुतलेले पॅटन टिपले. भिखीविंडजवळ जमा केलेल्या अशा रणगाड्यांच्या रांगांना लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. त्या वेळी लष्करप्रमुख होते जनरल जे. एन. चौधरी. परभणीच्या पाहुण्याने हे नाव लक्षात ठेवावे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत परभणीसह सारा मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा करणाऱ्या हैदराबाद कारवाईत चिलखती डिव्हिजनचे सेनापती हेच चौधरी होते.

मराठवाड्याशी जोडणारा दुसरा धागा लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचा. जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली, पण लष्करी आयुष्याची सुरुवात निजामाच्या फौजेत झाली; तिथे पुढे ते हैदराबाद लान्सर्समध्ये गेले. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट भागात फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही त्यांनी आघाडी सोडली नाही आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. सन्मानपत्रात त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केल्याची नोंद आहे. स्वतःचे गमावले नऊ. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटचे एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम मिळूनही लढत राहिले. तोफ अजून चालते, एवढेच त्यांचे कारण होते. दोघांचेही रणगाडे सेंच्युरियन होते. संग्रहालयातल्या सेंच्युरियनपुढे ही दोन नावे ठाऊक असलेला माणूस सहसा पाच मिनिटांत निघत नाही.

१९७१ चा पूर्वेकडचा अध्याय पीटी-७६ आणि चॅफी या दोन हलक्या रणगाड्यांत सापडतो. चौदा टनांचा रशियन पीटी-७६ पाण्यावर तरतो, म्हणूनच नद्यांच्या बंगालात तो कामी आला. त्याचे चिलखत पातळ. तरीही नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानी चॅफींचा धुव्वा उडवला. दाट धुक्यात झालेल्या या झुंजीत चिलखताच्या जाडीपेक्षा आधी कोण पाहतो याला महत्त्व आले. चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला, १०५ मिलिमीटर तोफेचा विजयंताही इथे आहे. देशात तयार झालेला हा पहिला मुख्य रणगाडा. त्याच्याजवळ मात्र फोटोसाठी फारशी रांग लागत नाही. शत्रूकडून जिंकून आणलेल्या वस्तूचे आकर्षण वेगळेच असते.

पाहण्याचा बराच भाग उघड्यावर असल्याने उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी. दुपारी पोलाद हात लावू देत नाही. रणगाड्यांवर चढण्याचा मोह मुलांना होतोच, पण ती परवानगी नसते. हाताशी दिवस असेल तर नगरचा भुईकोट किल्लाही जोडून बघता येतो. तोही लष्कराच्याच ताब्यात आहे. १९४२ च्या आंदोलनात ब्रिटिशांनी पंडित नेहरूंसह काँग्रेसच्या कार्यकारिणीतील नेत्यांना तिथे कैदेत ठेवले आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी तिथेच लिहिले.