वचक असला की माणसं शिकतात?

'कचेरीत भावनांचं काय काम?' असं ठणकावून सांगितलं जातं, त्याच कचेरीत सकाळी शिपायाला पहिला प्रश्न विचारला जातो : 'साहेबांचा मूड कसा आहे?' शिपायाने नुसती मान हलवली तरी फाइल टेबलावरच राहते आणि फाइलमधली अडचणही साहेबांपर्यंत पोचत नाही.

गैरसमज : भावना ज्याची त्याची. ती घरी ठेवून कामावर यावं.

मूड संसर्गजन्य असतो. सिगल बारसेड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे छोटे गट बोनस कोणाला किती द्यायचा यावर चर्चा करत होते. प्रत्येक गटात पढवून ठेवलेला एक नट होता. त्याचा नूर बाकीच्यांतही उतरला. तो प्रसन्न होता तिथे सहकार्य वाढलं, खटके कमी उडाले.

गैरसमज : वचक असला की माणसं शिकतात.

वचक असला की माणसं वेळेवर येतात, एवढं मान्य. शिकतात का, हे नोकियाच्या कहाणीत पाहावं. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा नोकिया जगातली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी होती. पैसा, अभियंते, संशोधन, कशाचीच वाण नव्हती. मग घोडं अडलं कुठे? टिमो वुओरी आणि क्वी ह्यू या अभ्यासकांनी ७६ जणांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये जे मांडलं, त्यात तंत्रज्ञानाइतकीच भीतीही आहे, आणि तीही दोन मजल्यांवरची.

वरच्यांना धास्ती प्रतिस्पर्ध्यांची आणि भागधारकांची. मधल्या फळीला धास्ती वरच्यांची. बैठकांत आरडाओरडा होई, टेबलावर मुठी आपटल्या जात. सिंबियन ही आपली प्रणाली ॲपलच्या तोडीची नाही, हे मधल्या फळीला ठाऊक होतं. पण 'जमणार नाही' म्हणायची कोणाची छाती नव्हती. वर जायचं ते गोडगोड चित्र. त्यावर विसंबून वरचे आणखी कडक मुदती द्यायचे आणि त्या पाळायच्या नादात दूरचं काम मागे पडायचं. माहिती कंपनीतच होती, फक्त जिथे निर्णय होतो तिथे ती पोचत नव्हती. २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. एवढी मोठी कंपनी केवळ भीतीने बुडाली, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण भीतीने तिला वेळेवर शहाणं होऊ दिलं नाही, हे मला पटतं.

गैरसमज : ज्या विभागात चुकांची नोंद कमी, तो विभाग चांगला.

आपल्याकडच्या वार्षिक अहवालांचा हा लाडका समज. एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या आठ विभागांत औषधं देतानाच्या चुका तपासल्या. चांगल्या टीमच्या हातून कमी चुका होतील, ही अपेक्षा. आकडे उलटे निघाले. एकोपा आणि चांगली प्रमुख परिचारिका असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त! मग हे निष्कर्ष माहीत नसलेल्या एका सहायकाला विभागांत पाठवून निरीक्षण करवलं, तेव्हा उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. इतरत्र ओरड्याच्या भीतीने त्या झाकल्या जात. झाकलेल्या चुकीतून कोण काय शिकणार?

गैरसमज : मोकळेपणा म्हणजे लाड.

नाही. कामाची अपेक्षा कडकच ठेवता येते. हाताखालच्याने 'साहेब, हे चुकतंय' म्हटलं म्हणून त्याची बदली होऊ नये, एवढंच इथे अभिप्रेत आहे. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील, तर वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला 'कोणाची चूक?' हे विचारण्याआधी 'कधी लक्षात आलं?' हे विचारा.