डब्यावरचे वॅट आणि घरातला ॲम्प्लिफायर

मागच्या भागात आपण स्पीकरविषयी बोललो, आणि त्यानंतर बडोद्याच्या एका काकांनी मला प्रश्न विचारला. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीचा एक ॲम्प्लिफायर आहे, लोखंडी पेटीतला, उचलायला गेलं की कंबर धरते असा. मुलाने आता तळहातावर मावेल एवढा नवा आणून दिलाय. त्याच्यावर '१०० वॅट + १०० वॅट' असं छापलंय. जुन्याच्या माहितीपत्रकात फक्त ५० लिहिलेत. काका विचारतात, जुना भंगारात देऊ का?

मी त्यांना म्हटलं, आठवडाभर थांबा. भंगारवाला कुठे पळून जात नाही.

असं का म्हटलं, ते सांगायला आधी माझी एक चूक सांगतो. माझ्या वडिलांनी १९८३ साली स्वतः सागवानी फळ्या कापून स्पीकरच्या दोन पेट्या केल्या होत्या. नोकरीनिमित्त मी हैदराबादला गेलो तेव्हा त्या रेल्वेने, गोधड्यांत गुंडाळून नेल्या. तिथे एका दुकानातून मी '२०० वॅट'चा जोडणीचा ॲम्प्लिफायर घेतला. आवाज दणदणीत होता, मी खूश. चार महिन्यांनी एका रात्री, गाणं चालू नसतानाच, डाव्या पेटीतून 'हंऽऽ' असा आवाज आला आणि मग जळका वास. मी प्लग काढेपर्यंत वूफरची कॉइल गेलेली होती. तसा वूफर आता कुठे मिळत नाही.

नंतर पेटी उघडली. सर्किट बोर्डवर एका जागी रिलेची चौकट छापलेली होती, आणि तिथे रिलेऐवजी तारेचा तुकडा डाग देऊन जोडलेला. रिलेचे थोडेसे रुपये वाचवले होते. त्या दिवसापासून मी ॲम्प्लिफायरचे वॅट शेवटी विचारतो.

पण तुम्ही विचारणारच, म्हणून वॅटपासूनच सुरू करू.

नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवतात? हातात धरून नेण्याच्या यंत्रावर 'पीएमपीओ २००० वॅट'. हा पीएमपीओ कसा मोजायचा याला काही धरबंधच नव्हता, कंपनीला वाटेल तो आकडा. विचारायचे ते आरएमएस वॅट, म्हणजे सलग, न थांबता देता येणारी शक्ती. तेही किती ओहमच्या स्पीकरवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती विकृतीला, हे सोबत लिहिलेलं असेल तरच. अमेरिकेतही हा गोंधळ होताच. तिथे फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियमच केला की शक्तीचा आकडा छापायचा तर या अटी शेजारी छापा. आणि मोजण्याआधी ॲम्प्लिफायर एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवा. हा तास कंपन्यांना फार झोंबला. कारण नेहमीच्या क्लास एबी ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतात ते पूर्ण आवाजाला नाही, तर साधारण ४० टक्के शक्तीच्या आसपास. म्हणजे ती परीक्षा अगदी दुखऱ्या जागेवरच बोट ठेवणारी होती. पुढे ती अट सैल केली गेली.

आपल्याकडे दुकानात असा तास कोण देणार? पण एक परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते, आणि तिला पैसे पडत नाहीत. अडॅप्टर वाचा.

काकांच्या छोट्या यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलंय १९ व्होल्ट, ३ ॲम्पिअर. गुणाकार करा: ५७ वॅट. आत जाणारी वीजच जास्तीत जास्त ५७ वॅट आहे, तर बाहेर सलग २०० कुठून येणार? विहिरीत जेवढं पाणी तेवढंच मोटेत. आता दुसरा हिशोब. अशा यंत्रातल्या चिपला १९ व्होल्ट मिळाले, तर स्पीकरवर लाटेचा माथा फार तर १९ व्होल्टचा. त्याला १.४१ ने भागा, सुमारे १३.५ आले. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ८ ओहमने भागा. उत्तर येतं जेमतेम २२ वॅट, दर बाजूला. छापलेले १०० येतात कुठून? चिपच्या कागदावरून: जास्त व्होल्टेज, कमी ओहमचा स्पीकर आणि १० टक्के विकृती, असं सगळं एकत्र धरून. दहा टक्के विकृती म्हणजे लाटेचे माथे सपाट कापले गेलेले असतात, सतार ऐकताय की पत्रा, कळणार नाही.

यावरून तो छोटा वाईट आहे असं मी म्हणत नाही, हं. क्लास डी हे उत्तम तंत्र आहे, वीज कमी खातं, तापत नाही. २२ वॅट खरे असतील तर ते खूप आहेत. बारा बाय चौदाच्या खोलीत, ८७ डेसिबलच्या स्पीकरवर आपण निवांत ऐकतो तेव्हा सरासरी अर्ध्या वॅटच्याही आत काम चाललेलं असतं. तबल्याच्या थापेला, ताशाला क्षणभर शंभरपट लागू शकते, म्हणून राखीव हवी. पण ५० चे १०० वॅट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट वॅट लागतात. तेव्हा ५० खरे की ६० खरे यावर डोकं शिणवू नका. खरे आहेत ना, तेवढं बघा.

डॅम्पिंग फॅक्टर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ वगैरे आकडे मी पटकन ओलांडतो. आजच्या बहुतेक ठीक बांधलेल्या यंत्रांत ते पुरेसे असतात.

विकृतीचं मात्र एक सांगायलाच हवं. माहितीपत्रकात बहुतेक वेळा मोठ्या आवाजाला, एक किलोहर्ट्झला मोजलेला टीएचडी देतात, ०.०५ टक्के वगैरे. आपण ऐकतो हळू आवाजात. क्लास एबीमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा, आणि मधे एकाने दुसऱ्याच्या हातात देताना जर खाच पडली, तर ती लहान आवाजातच जास्त बोचते. रिपेअर करणाऱ्याने बायस नीट लावला नाही की हेच होतं. याची माझी परीक्षा साधी आहे. रात्री घर शांत झालं की नुसत्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावायचं. तानपुऱ्याची झंकार विरत जाताना गुळगुळीत विरली पाहिजे. तिथे वाळूसारखी खरखर आली, तर बायसकडे बघायला सांगा. ढोलकीच्या गाण्यावर हे कधी कळणार नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, टिकाऊपणा.

मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटच्या ट्रान्झिस्टरना समजा अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट मिळतात. त्यातला एक शॉर्ट झाला की ते ३५ व्होल्ट सरळ स्पीकरवर, डीसी. ८ ओहमच्या वूफरच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स असतो ६ ओहमच्या आसपास. म्हणजे कॉइलमध्ये २०० वॅट, आणि कॉइल हलतही नाही, नुसती तापते. माझ्या वडिलांच्या पेटीत झालं ते हेच. चांगल्या यंत्रात एक सर्किट हा डीसी ओळखून रिलेने स्पीकर तोडतं. हा रिले आहे की नाही ते कानाने कळतं: यंत्र चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी 'टिक्' वाजतं. बंद करताना स्पीकरमधून 'ढप्' आलं नाही, तर अजून बरं. 'टिक्' नाही आणि चालू करताच 'ढप्' येतो, असं यंत्र मी आवडत्या स्पीकरला लावत नाही.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. साधा तीनशे रुपयांचा चालेल. स्पीकर सुटा करा, आवाज शून्यावर, यंत्र दहा मिनिटं तापू द्या, आणि मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एकाच बाजूच्या लाल-काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. १०० च्या वर असेल तर कारागिराला दाखवा. आणि दर महिन्याला वाढत असेल तर आकडा कितीही लहान असो, वाट बघू नका. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवू नका, आणि पेटी उघडायची असेल तर प्लग काढूनही कॅपॅसिटर चार्ज धरून असतात हे विसरू नका.

कॅपॅसिटरवरून आठवलं. यंत्राचं वय बहुधा तेच ठरवतात. त्यांच्यावर तापमान छापलेलं असतं, ८५ किंवा १०५ अंश. समजा दोघांचंही आयुष्य त्या तापमानाला २००० तास दिलंय. ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. पेटीच्या आत ६५ अंश असतील, तर १०५ वाला ३२,००० तास जातो, रोज चार तास ऐकलं तर जवळजवळ २२ वर्षं. ८५ वाला ८,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षं. दोन्ही दिसायला सारखेच. मे महिन्यात नागपूर, रायपूर किंवा इंदूरला बंद शोकेसमध्ये ॲम्प्लिफायर ठेवून वर क्रोशाचा रुमाल घालणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः करावा. तासभर गाणी ऐकून हीटसिंकवर हात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात मागे आला तर हवा कमी पडतेय, नाहीतर बायस जास्त आहे.

काकांसारख्यांसाठी आणखी एक. जुन्या यंत्रावर २२० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या सोसायटीत रात्री २५० येतात. आतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास वाढतात. ४५ चे ५१ झाले आणि कॅपॅसिटर ५० व्होल्टचा असला, तर तो फुगणारच. तिथे स्टॅबिलायझर हवाच.

दुरुस्ती करायची वेळ आली तर सुट्या भागांचं बघा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं लाजपतराय मार्केट, कुठेही जा, ५२०० आणि १९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी मिळेल. मूळची तोशिबाची, कागदावर १५ ॲम्पिअर आणि १५० वॅटची. हिच्याइतकी नक्कल क्वचितच दुसऱ्या भागाची होत असेल. नकलीच्या पोटात सिलिकॉनचा तुकडा खऱ्यापेक्षा बारका असतो. फोडल्याशिवाय दिसत नाही, पण भाव फारच कमी सांगितला की समजून घ्या. आणि दुरुस्त झालेलं यंत्र पहिल्यांदा चालू करताना कारागिराला सिरीज बल्ब लावूनच चालू करायला सांगा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. जो 'त्याची काय गरज' म्हणतो, त्याच्याकडून यंत्र परत घ्या.

राहिला प्रश्न, दोन ॲम्प्लिफायरमध्ये कोणाचा आवाज चांगला. इथे आपले कान आपल्यालाच फसवतात. जरासा मोठा असलेला आवाज नेहमी 'जास्त खुला' वाटतो, मोठा वाटत नाही. म्हणून आधी दोघांचा आवाज सारखा करा: १०० हर्ट्झचा सूर हळू वाजवा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीला लावा, आणि दोघांवर आकडा एकच आणा, समजा २.०० व्होल्ट. एकावर २.०० आणि दुसऱ्यावर २.२० असले तरी तुलना बाद. मग घरातल्या कोणाला तरी तारा बदलायला सांगा, दर वेळी यंत्रं बंद करून, आणि कोणता लावलाय ते तुम्हाला न सांगता. दोन्ही एकाच वेळी एका स्पीकरला जोडू नका, हे सांगायला नको. मी हे केलंय. ठीक बांधलेली, ताण न पडलेली दोन यंत्रं मला बहुतेक वेळा ओळखू आली नाहीत, आणि मला ते कबूल करायला बरेच दिवस लागले.

काकांनी आठवडाभरात सगळं मोजलं. जुन्याचा डीसी डाव्या बाजूला १८ मिलिव्होल्ट, उजव्या बाजूला ३१. 'टिक्' तीन सेकंदांनी येतं. तानपुरा स्वच्छ. एक फिल्टर कॅपॅसिटर वरून थोडा फुगलाय, ५० व्होल्टचा. तिथल्या कारागिराला मी दोन्ही एकदम बदलायला सांगितलेत, ६३ व्होल्टचे, १०५ अंशांचे. छोटा यंत्रही टाकून देत नाहीयेत. तो स्वयंपाकघरात लावलाय, सकाळच्या रेडिओसाठी, आणि काकू म्हणतात त्याचाच आवाज चांगला.