उभ्या गाडीचं रसायन

काकांनी ताडपत्री ओढली, टाकीवरची धूळ पंच्यानं पुसली आणि म्हणाले, "बस. मार किक."

रत्नागिरीजवळच्या घराच्या पडवीत 2005 पासून उभी असलेली ही येझदी 1974 ची. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून जावा बनत होत्या, पुढे त्याच गाड्या येझदी नावानं निघू लागल्या आणि 1996 मध्ये कारखानाच बंद पडला. आमच्या गाडीच्या हँडलवर कुंभारमाशीनं घर केलं होतं, सीटखाली उंदरांनी गादी घातली होती. काकांचा हिशोब मात्र सरळ होता : चालती ठेवली, तर चालतीच निघणार.

"काका, थांबा. आधी प्लग काढू."

येझदीत गिअर आणि किक मिळून एकच दांडा. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. तशी ती उभी केली आणि हातानं हलकेच दाबून पाहिली. तसूभरही हलली नाही. पिस्टन जाम.

या टू-स्ट्रोक इंजिनात वाल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन त्या झाकतो-उघडतो. गाडी बंद करताना पिस्टन जिथे थांबेल, तिथे बहुधा एखादी खिडकी उघडी राहते. पलीकडे सायलेन्सरचं तोंड उघडंच. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. कोकणात पावसाळाभर ती साठाच्या वरच राहते. त्यात गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. सिलिंडर बिडाचा, रिंगाही बिडाच्या आणि मधली फट मिलिमीटरच्या शतांश भागांतली. ती भरायला वीस पावसाळे कशाला, दोन पुरतात.

अशा वेळी किकवर उभं राहून उड्या मारणारे वीर मी पाहिलेत. रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. आम्ही प्लगच्या भोकातून गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि अ‍ॅसिटोन यांचं मिश्रण सोडलं आणि गप्प बसलो. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच केशाकर्षणानं ते फटीत शिरतं; फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. अ‍ॅसिटोनचं काम तेल पातळ करण्यापुरतं, नंतर ते उडून जातं. रोज थोडं ओतायचं, गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे रेटायचं. आठव्या दिवशी आतून 'कट्' असा आवाज आला आणि चाक बोटभर फिरलं. काका आतून चहा घेऊन आले. मग हेड उतरवून बोअर तपासला, रिंगा नव्या घातल्या.

टाकीची गोष्ट अधिक मजेची. आत हात जात नाही, म्हणजे घासणं बाद. आम्ही ती पाण्यानं भरली, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा टाकला. तोंडातून लोखंडी सळई आत सोडली, टाकीला टेकणार नाही अशी, रबरात अडकवून. बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला, धन तार सळईला. हे उलटं झालं तर टाकीच विरघळते! वीज सुरू होताच टाकीच्या आतल्या अंगावर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात, ते गंजाचे पापुद्रे उचकटतात. उरलेला तांबडा गंज काळा, भुसभुशीत होतो आणि शाबूत पत्र्याला धक्का लागत नाही. हायड्रोजन भडकणारा, म्हणून हे सगळं अंगणात. सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

सकाळी पाहिलं तर टाकीची एकच बाजू स्वच्छ. टाकी चेसिसवर खोगिरासारखी बसते, तिला दोन कप्पे. वीज सळईसमोरच्या पत्र्यावर जोरात काम करते, आडोशाला पोचत नाही. सळई वाकवून पुन्हा एक रात्र. नंतर पाणी ओतून टाकल्यावर दहा मिनिटांत उघड्या लोखंडावर नारिंगी झाक येऊ लागली. लगेच वाळवून आतून तेल फिरवलं.

कार्बोरेटरच्या वाटीत काकवीसारखा थर होता. जुन्या पेट्रोलमधले काही रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत, एकमेकांना साखळीसारखे चिकटत डिंक होतात. सुईच्या नेढ्याएवढ्या जेटला तेवढं पुरे. आताच्या पेट्रोलची तऱ्हा वेगळी, त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. मोजपात्रात 100 मिली पेट्रोल घेऊन 10 मिली पाणी ओतलं आणि हलवलं. खाली बसलेला थर तिसाच्या जवळ भरला! इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेलं होतं. टाकीत ओल शिरली तर हाच थर तळाशी बसतो आणि इंजिनाकडे जाणारा कॉकही तळाशीच.

बॅटरीवर वेळ घालवला नाही, सरळ नवी घातली. शिशाच्या पाट्यांवर सल्फेटचे टणक स्फटिक झाले की ते चार्जिंगला दाद देत नाहीत. ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट मात्र वाचले. 6 व्होल्टच्या विजेला ऑक्साइडचा पातळ थरही ओलांडता येत नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग लग्नपत्रिकेचा जाड तुकडा पेट्रोलमध्ये बुडवून दोन पॉइंटांमधून ओढला. प्लगला निळी ठिणगी आली.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, दोन्हींतून पांढरा धूर. शेजारचे पाहायला आले. सायलेन्सरमधलं जुनं तेल जळतंय असं मी सगळ्यांना सांगितलं. अर्ध्या तासानंतरही धूर तसाच.

दुसऱ्या दिवशी गिअर ऑइल पाहिलं, निम्मं. खाली फरशी कोरडी. मग डोक्यात प्रकाश पडला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची क्रँकची पेटीही पंपासारखी ओढते-ढकलते, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील. वर्षानुवर्षं पडून रबर टणक होतं. उजवीकडचं गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापून पिस्टन धरतो. डावीकडच्या सीलपलीकडे क्लच आणि गिअरचं एकच तेल असतं. ते सील गेलं तर इंजिन तेच तेल पिऊन धूर सोडतं.

"म्हणजे पुन्हा उघडायची?" काकांनी विचारलं.

"डावी बाजू."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि पान्यांची पेटी आणायला आत गेले.