अल्फा लिहा, टॅब दाबा!

वर्गमूळाचं चिन्ह काढा, पुढे २ लिहा आणि एंटर दाबा. उत्तर १.४१४... हजर! वैज्ञानिक आकडेमोडीसाठी घडवलेल्या ज्युलिया भाषेत हा चक्क चालणारा प्रोग्राम आहे. मात्र ही मजा लुटायची तर आधी एडिटर नीट लावून घ्यायला हवा.

कीबोर्डवर नसलेली ही चिन्हं आणायची कुठून? उलटी तिरकी रेघ, तिला लागून इंग्रजीत ‘अल्फा’, मग टॅब. लगेच ग्रीक अक्षर उमटतं! वर्गमूळ, बेरजेचा सिग्मा, पाय, सगळं असंच. २ आणि पाय शेजारी शेजारी लिहिले की गुणाकार आपोआप होतो. व्हेरिएबलला पिझ्झ्याच्या इमोजीचं नाव दिलं तरी भाषा कुरकुरत नाही. आणि हो, ‘वेग’, ‘अंतर’, ‘वेळ’ ही देवनागरी नावंही चालतात, रुपयाचं चिन्हसुद्धा! आकडे मात्र इंग्रजीच लागतात. शाळेच्या वहीतलं सूत्र जवळपास जसंच्या तसं पडद्यावर यावं, यापरतं सुख नाही.

जेफ बेझनसन, स्टेफान कारपिन्स्की, अ‍ॅलन एडलमन आणि आपल्या ‘आधार’ प्रकल्पावरही काम केलेले विरल शहा या चौघांनी १४ फेब्रुवारी २०१२ रोजी ही भाषा जगासमोर आणली. होय, व्हॅलेंटाइन डेलाच!

पूर्वी ज्युलियावाल्यांचा लाडका एडिटर होता अ‍ॅटम या एडिटरवर उभा असलेला जूनो. २०२० मध्ये जूनोच्या कर्त्यांनी व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरकडे मोर्चा वळवला. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटमच बंद झाला, म्हणजे मुक्काम अगदी वेळेत हलवला होता.

आता मांडणी सोपी आहे. ‘ज्युलियाअप’ने भाषा उतरवून घ्या, व्हीएस कोडमध्ये ज्युलियाचं एक्स्टेंशन टाका, झालं. शिफ्ट-एंटर दाबलं की चालू ओळीचं उत्तर तिथेच, ओळीच्या शेजारी दिसतं. हिशेब तपासत पुढे जाणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही.

व्हीएस कोडमधल्या खालच्या ज्युलिया टर्मिनलमध्ये तर रंगपंचमी! एरवी हिरवा असणारा प्रॉम्प्ट प्रश्नचिन्ह टाकताच पिवळा होतो आणि मदत मिळते. अर्धविराम दिला की लाल, म्हणजे थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या आज्ञा. उजवा चौकटी कंस दिला की निळा, इथून पॅकेजेस बसवायची.

पहिला आलेख निघायला लागणारा वेळ ही ज्युलियाची जुनी दुखरी नस. कारण ती कोड चालवताना त्याचं मशीन कोडमध्ये रूपांतर करते. २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून पॅकेजेसचा तयार मशीन कोड साठवून ठेवता येऊ लागला आणि हे वाट पाहणं बरंच कमी झालं.

‘रिव्हाइज’ हे पॅकेज मात्र पहिल्याच दिवशी बसवा. पॅकेजमधलं फंक्शन बदलून फाइल सेव्ह केली की चालू सत्रात बदल लागू होतो, सगळं पुन्हा सुरू करावं लागत नाही. एकदा ते बसवलं की व्हीएस कोड दर वेळी स्वतःच त्याला हाक मारतो.