जोतिबा, जोतीराव, ज्योतिबा : एका नामाचा चरित्रदृष्ट्या विचार

चरित्रलेखनात चरित्रनायकाचे नाव हा सहसा केवळ माहितीचा एक तपशील मानला जातो. जन्मतिथी, जन्मस्थळ आणि मातापितर यांच्या ओळीत ते एकदा येते. पुढे त्याचा स्वतंत्र विचार होत नाही. जोतीराव गोविंदराव फुले (१८२७–१८९०) यांच्या बाबतीत मात्र हा तपशील विचाराला प्रवृत्त करणारा आहे. हे नाव एका लोकदैवताचे. त्या लोकदैवताविषयी चरित्रनायकाने स्वतःच्या ग्रंथात मतप्रतिपादन केलेले. आणि पुढील पिढ्यांनी त्या नावाचे रूप पुन्हा पालटलेले. या तीन अवस्थांचा परस्परसंबंध तपासला असता फुले यांच्या धर्मचिकित्सेचे एक दुर्लक्षित अंग समोर येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

१. दैवत आणि नामकरणाची परंपरा

कोल्हापूरच्या वायव्येस पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी हे जोतिबाचे स्थान आहे. केदारनाथ, केदारलिंग ही याच दैवताची अन्य नामे. रत्नासुराच्या संहारासाठी व करवीरच्या महालक्ष्मीच्या साहाय्यासाठी केदारनाथ दक्षिणेत आला, अशी त्याची स्थलकथा आहे. पूजेचा अधिकार गुरव समाजाकडे आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या डोंगरावर येतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि ‘चांगभलं’चा गजर होतो. या दैवताचा भक्तवर्ग प्रामुख्याने शेतकरी, पशुपालक आणि कारागीर जातींचा असून त्यात मराठा सरदार घराण्यांचाही समावेश होतो. आजचे केदारलिंगाचे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधविले, तर शेजारचे केदारेश्वराचे मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये उभारले.

राणोजींच्या पुत्रांपैकी एकाचे नाव जोतिबा असे होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावयास हवी. कुलदैवताचे वा नवसाच्या दैवताचे नाव अपत्यास ठेवण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रात व सातारा प्रांतात सर्वसामान्य होती. खंडोजी, बिरोबा, म्हाकू, भैरू ही नावे त्याच रीतीतून आली. फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशवाईत पुण्यास फुलांच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे आडनाव रूढ झाले. घराणे पुण्यात स्थिरावले तरी नामकरणाची रीत मूळ प्रांताचीच राहिली.

जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाल्याने हे नाव ठेवण्यात आले, असे निवेदन फुले-चरित्रांत रूढ आहे. आज सर्वमान्य असलेली जन्मतारीख, ११ एप्रिल १८२७, कालगणनेने चैत्री पौर्णिमेच्या सुमाराचीच येते. तारीख आणि नाव यांचा असा मेळ बसणे हे या निवेदनाच्या बाजूचे एक प्रमाण होय.

२. ‘बा’ आणि ‘राव’

‘बा’ हा प्रत्यय मराठीत पितृवाचक तसाच आदरवाचक आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा या दैवतनामांत तो येतो. ज्ञानोबा, तुकोबा या संतनामांतही येतो. त्यात आदराबरोबर जवळीक आहे. ‘राव’ या उपपदात प्रतिष्ठा आहे, नागर व्यवहार आहे. फुले यांनी ग्रंथकार म्हणून स्वतःचे नाव ‘जोतीराव गोविंदराव फुले’ असे दिले. एवढ्यावरून त्यांनी दैवताच्या नावाचा बुद्ध्या त्याग केला असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. कारण वडिलांच्या नावातही ‘राव’ आहेच आणि तो तत्कालीन रूढ शिष्टाचार होता. तथापि ‘गुलामगिरी’ (१८७३) या संवादरूप ग्रंथातील पात्रयोजना लक्षणीय आहे. प्रश्न विचारणारा ‘धोंडीबा’, उत्तर देणारा ‘जोतीराव’. एका नावात ‘बा’ आहे, दुसऱ्यात ‘राव’. म्हणजे खेड्यातील श्रद्धेचे जग आणि त्या जगाची चिकित्सा करणारा त्यातीलच शिकलेला माणूस, असे हे संभाषण आहे. दोघेही एकाच समाजाचे असल्यामुळे त्यात उपदेशापेक्षा उलगडा अधिक आहे.

३. ‘गुलामगिरी’तील जोतिबा

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केलेल्या या ग्रंथाचा सहावा भाग बळीराजाविषयी आहे. भागाच्या प्रारंभी दिलेल्या विषयसूचीत बळीराजाच्या लगोलग जोतिबाचा उल्लेख येतो. नंतर मऱ्हाटे, खंडोबा, भैरोबा इत्यादी. फुले यांच्या प्रतिपादनाप्रमाणे कोल्हापूरच्या पश्चिमेकडील कोकण-मावळातील काही मुलूख बळीच्या अमलाखाली होता, जोतिबा हा त्यावरील मुख्य अधिकारी होता व रत्नागिरी हे त्याचे निवासस्थान होते. महाराष्ट्राच्या नऊ खंडांवरील अधिकारी ते खंडोबा, आणि ‘महासुभा’ या अधिकारपदाचा अपभ्रंश म्हणजे म्हसोबा, अशी त्यांची मांडणी आहे.

देव हे मुळात पराक्रमी मानव होते, हा विचार जगाला नवा नाही. ग्रीक लेखक युहेमेरस याने तो ख्रिस्तपूर्व काळातच मांडला होता. परंतु त्या विचाराचा कल देवांचे देवपण कमी करण्याकडे होता. फुले यांचा कल निराळा आहे. ते जोतिबाचे देवपण काढून घेतात आणि त्याच्या हाती राज्यकारभार देतात. वामनाने पाताळात घातलेल्या बळीच्या राज्याची स्मृती पोथ्यांनी पुसली असली तरी ती डोंगरावरच्या ठाण्यांत, तळी भरण्याच्या आचारात, दसरा-दिवाळीच्या ओवाळणीत टिकून आहे, असे त्यांचे म्हणणे. पराभूतांचा इतिहास लिखित ग्रंथांत नसेल तर तो त्यांच्या दैवतांत व विधींत शोधावा, हे येथील पद्धतीचे मर्म आहे.

फुले यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणाऱ्या नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. ‘महासुभा’पासून म्हसोबा सिद्ध करता येत नाही. मात्र व्युत्पत्ती फसली म्हणून प्रश्नही फसला असे होत नाही. लोकदैवतांकडे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी पुढे विसाव्या शतकात रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्या संशोधनात शास्त्रशुद्ध साधनांनिशी विकसित झाली. त्यांची साधने आणि निष्कर्ष फुले यांच्याहून भिन्न आहेत. परंतु म्हसोबा-खंडोबा-जोतिबा यांना पुराणांतील देवांच्या उतरंडीबाहेर काढून त्यांच्या भक्तसमाजाशी जोडून वाचण्याचा प्रारंभ ‘गुलामगिरी’त दिसतो.

अध्यापनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तील निर्मिकाच्या संकल्पनेवरून मागे पाहिले की फुले हे केवळ दैवतांचे निषेधक वाटू लागतात. पुरोहितशाहीचा व मूर्तिपूजेचा निषेध त्यांनी केला, हे निर्विवाद. परंतु शेतकऱ्याच्या दैवतांबाबत त्यांची भूमिका नुसत्या नकाराची नाही. पूजा नाकारून स्मृती राखणे अशी ती दुहेरी भूमिका आहे. स्वतःच्याच नावाच्या दैवताबाबत ती घेतली गेली, हे तिचे विशेष.

४. नावाचे पुढील रूपांतर

११ मे १८८८ रोजी मुंबईतील सभेत फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. त्यानंतर लोकव्यवहारात ‘महात्मा जोतिबा’ हे रूप प्रेमाने वापरले गेले. ग्रंथकर्त्याने न वापरलेला ‘बा’ अनुयायांनी आदराने परत केला. त्यात वावगे काही नाही. मात्र विसाव्या शतकात ‘ज्योतिबा’ हे रूप रूढ होत गेले. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये रोहिलखंड विद्यापीठास ‘महात्मा ज्योतिबा फुले’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी अमरोहा जिल्हा ‘ज्योतिबा फुले नगर’ या नावाने अस्तित्वात आला व २०१२ मध्ये त्यास पुन्हा अमरोहा हे नाव मिळाले. कीर्तीच्या विस्ताराची ही खूण खरी. परंतु ‘जोति’ची ‘ज्योति’ झाली की नाव प्रकाशवाचक संस्कृत शब्द म्हणून वाचले जाते. गुलालाने माखलेला डोंगर, सासनकाठ्या आणि बळीचा अधिकारी हे सारे त्यातून गळून जाते. ज्या प्रक्रियेने लोकदैवतांना पौराणिक रूप दिले असे फुले सांगत होते, तिचेच हे एक लहान उदाहरण, त्यांच्याच नावावर घडलेले.

११ जानेवारी १९११ रोजी कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि पुरोहितावाचून धर्मविधी करण्याचा विचार जोतिबाच्या मुलखात पोहोचला. दैवताचे नाव घेऊन जन्मलेल्या माणसाचा विचार अशा रीतीने त्या दैवताच्या परिसरात आला. म्हणून संशोधनपर लेखनात ग्रंथकार या नात्याने ‘जोतीराव’ हे त्यांनी स्वतः दिलेले नाव वापरावे. लोकस्मृतीचा विचार करताना ‘जोतिबा’ वापरावे. आणि ‘ज्योतिबा’ हे रूप आढळेल तेथे ते कोठून आले याची नोंद करावी. लेखनशुद्धीचा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु नाव कोणी दिले, कोणी धारण केले आणि कोणी बदलले, हे सांगणे चरित्रकाराच्या कर्तव्यातच मोडते.